भवानीचं गिऱ्हाईक

बाजूला कोणी उभं नसताना प्रतिभाने आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाचं रक्त काढलं, आणि भरलेली नळी आधी दोन्ही डोळ्यांना लावून मग कपाळाला टेकवली.

खुर्चीतला माणूस अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. वर्षाची तपासणी करून घ्यायला आलेला. कोपर दुमडून कापूस दाबून बसला होता बिचारा. त्याने हा नमस्कार पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं.

"ताई, हे काय केलं?"

"काही नाही दादा, असंच."

"असंच कसं? वाईट दिसलं का काही त्यात?"

"अहो नाही! छान आहे रक्त. एकदम ताजं."

ताजं म्हटल्यावर तो आणखीच घाबरला. आता ह्याला काय सांगणार? भवानी झाली म्हणून?

पस्तिशीला आलेली प्रतिभा लग्नापासून पंचवटीत रस्त्याच्या कडेला भाजी विकत होती. मखमलाबादला घरची थोडी पण पाण्याखालची जमीन. नवरा भारत पिकवायचा, ही विकायची. मेथी, पालक, कोथिंबीर, हंगामात वांगी. भाजीच्या धंद्यात सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि ते पहिलं गिऱ्हाईक म्हणजे साक्षात देवी. त्याच्या हातचा पैसा डोळ्यांना लावायचा, कपाळाला लावायचा. त्याच्याशी फार ताणायचं नाही. त्याने नुसती कोथिंबिरीची जुडी मागितली तरी हसून द्यायची. आणि काही झालं तरी भवानीच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत लावायचं नाही. लावलं तर दिवसभर पाटीवर माश्या मारत बसा. हे प्रतिभाला सासूने, नवसाबाईने, पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि नवसाबाईला तिच्या सासूने.

सुपरवायझर गेल्यावर लॅबचे प्रफुल्ल सर आतून आले. सरांचं बोलणं रिपोर्टसारखं असायचं. आकडा लिहायचा आणि थांबायचं.

"प्रतिभाताई, ते रक्त आहे."

"हो सर."

"भाजी नाही."

"नाही सर."

"कपाळाला लावायचं नाही. हात धुऊन या. कपाळसुद्धा."

कॉम्प्युटरवर नावं टाकणारी निकिता खाली वाकून पेन शोधू लागली. पेन तिच्या हातातच होतं.

आता भाजीवाली बाई लॅबमध्ये आली कशी, तर त्याला कारण नवसाबाईचा डेंग्यू. आदल्या पावसाळ्यात त्या दवाखान्यात पडून होत्या. रोज सकाळी पांढऱ्या अ‍ॅप्रनमधली एक पोरगी रक्त घ्यायला यायची आणि नवसाबाई हात पाठीमागे लपवायच्या.

"काल एवढं नेलंस ना गं? ते संपलं?"

"आजी, रोज तपासावं लागतं."

"मग काल जास्तीचं नेऊन ठेवायचं. रोज रोज काय मागायला येतेस?"

पोरगी रडकुंडीला यायची. मग प्रतिभा मध्ये पडायची. "आई, ती काय घरी नेऊन फोडणी देणार आहे का? द्या हात. आणि तिकडे बघा, पलीकडच्या खाटेवरच्या बाईने कसली नथ घातलीय." नवसाबाई नथ बघायच्या, तेवढ्यात काम होऊन जायचं. एक दिवस ती पोरगी म्हणाली, "ताई, तुम्ही ह्या लाईनला पाहिजे होतात."

बोलून ती पुढच्या खाटेकडे गेली. पण प्रतिभाच्या मनात ते वाक्य मेथीच्या जुडीतल्या मातीसारखं चिकटून बसलं. बारावी सायन्स झालेली होती ती. नर्स व्हायचं होतं. पण त्याच उन्हाळ्यात भारतचं स्थळ आलं, आणि पुढे कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता सायन्स कुठल्या कुठे गेलं. चौकशी केली तर नर्सिंगचं वय उलटलेलं. लॅबच्या कोर्सला मात्र वय विचारत नव्हते, नुसती बारावीची मार्कशीट मागत होते. ती पेटीच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली सापडली.

भारत म्हणाला, "कर की. पण जागेचं काय?"

प्रश्न खरा होता. रस्त्याच्या कडेची जागा म्हणजे दातासारखी. एक पडला की शेजारचे सरकलेच. शेजारी कांदे-बटाटेवाली लंकाबाई तर रोज अर्धी वीत सरकायची, प्रतिभा बसलेली असताना.

नवसाबाईने पदर खोचला. "मी बसते जागेवर. दिवाळीपर्यंत. पुढे माझे गुडघे ऐकायचे नाहीत. तोवर तुझं काय ते होऊ दे. नाही झालं, तर मुकाट्याने पाटी उचलायची. परत दवाखान्याचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार," प्रतिभा म्हणाली.

कोर्सच्या पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या मॅडम वर्गात येऊन म्हणाल्या, "पालकांनी कृपया बाहेर थांबावं." सगळ्या पोरी प्रतिभाकडे बघायला लागल्या. ती उठून बाहेर गेलीसुद्धा, आणि दारात आठवलं तशी परत आत आली. तेव्हापासून सगळ्या वर्गाची ती काकू झाली. पण काकू हुशार निघाली. नळ्यांची रंगीत टोपणं पोरींच्या डोक्यात घोळ घालायची, हिने त्याची भाजीच करून टाकली. जांभळं टोपण म्हणजे वांगं, लाल म्हणजे टोमॅटो. साखरेच्या नळीचं टोपण करडं, त्याला काही सापडेना, म्हणून ते अळकुडी. एकमेकींवर सुई टोचायची वेळ आली तेव्हा पोरी रांगेने काकूपुढे हात करायच्या, कारण काकू टोचायच्या आधी म्हणायची, "ती बघ गं, भिंतीवर पाल!"

कोर्सचा शेवटचा टप्पा प्रत्यक्ष कामाचा. पंचवटीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, प्रफुल्ल सरांच्या हाताखाली. सरांनी काम नीट आहे म्हणून सही दिली तर दिवाळीच्या आधीच्या परीक्षेला बसता येणार. नाही दिली तर सहा महिने पुढे. आणि नवसाबाईचे गुडघे सहा महिने पुढे जाणारे नव्हते. सगळं गाडं त्या एका सहीवर अडलेलं.

सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. "उपाशी पोटीची तपासणी असेल तर विचारायचं. खाल्लं असेल तर परत पाठवायचं. वाद नाही." प्रतिभा विचारायची. लोक काय एकेक सांगायचे! एक बाई म्हणाल्या, "काही नाही खाल्लं, एकादशी आहे," आणि ओढणीवर साबुदाण्याचा दाणा. एक काका म्हणाले, "खाल्लं नाही, गोळीबरोबर नुसतं घोटभर दूध." घोटभर म्हणजे पेला. प्रतिभा त्यांना गोड बोलून परत पाठवायची. पण ही सगळी मंडळी दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या नंबरची. पहिल्या नंबरला तसं कोणी आलंच नव्हतं. भल्या सकाळी येणारा माणूस बिनचहाचाच असायचा. कपाळाला नळी लावायची सवय तिने मोडली होती. मनातल्या मनात हात जोडायची, त्याला काही हात धुवावे लागत नाहीत.

मग सर्वपित्री अमावास्या आली.

सकाळी घरातून निघतानाच खटका उडाला. नवसाबाईने त्या दिवशी जागेवर भारतला बसवलं होतं आणि स्वतः खीर-वड्यांच्या मागे लागल्या होत्या. "पितरांचा दिवस आणि घरची सून दवाखान्यात. कावळा शिवायचा नाही बघ आज."

"आई, सुट्टी नाही मिळत."

"पितरांना सांग ते."

लॅबमध्ये तर शुकशुकाट. अमावास्येला रक्त द्यायला कोण येतंय! प्रतिभाने टेबल पुसलं, पुन्हा पुसलं. नळ्या रंगाप्रमाणे लावल्या. ऊन पायरी चढून आत आलं तरी गिऱ्हाईक नाही. भवानी लांबली की तिचा हात आपोआप शिवशिवायला लागायचा. एकदा तर तिने भवानीसाठी कोमेजलेला पालक एका म्हशीवाल्याला जवळजवळ फुकटच देऊन टाकला होता, आणि पैसा कपाळाला लावला तेव्हा कुठे तिला श्वास आला होता.

तेवढ्यात दारात एक म्हातारा उभा राहिला. डोक्याला टोपी, काखेत पिशवी, हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

"रगत हितंच घेत्यात ना?"

"या बाबा, या! बसा, बसा!" प्रतिभा अशी काही उठली, की निकिताला वाटलं तिचे वडीलच आले.

म्हाताऱ्याचं नाव कोंडाजी. हरसूलहून पहिल्या एसटीने आलेला. साखरेची गोळी चालू होती आणि डॉक्टरांनी उपाशी पोटीची तपासणी मागितली होती.

"बाबा, उपाशी आहात ना?"

"व्हय. उपाशीच."

"चहा?"

"चा घेतला ना स्टँडवर. चा म्हंजे काय खानं हाय का?"

"चहाबरोबर काही?"

"खारी. दोन." कोंडाजीबाबा प्रामाणिक माणूस होते. थोडा विचार करून म्हणाले, "तीन. तिसरी मोडकी व्हती, त्यानं तशीच दिली."

प्रतिभाने तोंड उघडलं. "बाबा, उद्या या," एवढंच म्हणायचं होतं. पण जीभ उचलेना. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक. अमावास्येचं. एवढ्या लांबून आपणहून दारात आलेलं. ह्याला परत लावायचं? कोथिंबिरीच्या जुडीसाठी जे कधी केलं नाही, ते आज करायचं?

'चहाच तर आहे,' तिने स्वतःला समजावलं, 'आणि खारीत असतंय काय? हवा.'

आणि तिने दंडाला पट्टा बांधला. एका टोचणीत काम झालं. बाबा म्हणाले, "कवा टोचलं? हात लय हलका हाय तुजा." प्रतिभाचा जीव भांड्यात पडला. भवानी चांगली झाली होती.

पुढे दिवस वाहता झाला, तुरळक माणसं येत राहिली, आणि ती खारी विसरूनही गेली. मग निकिताने हाक मारली.

"ताई, ते तुमचे हरसूलचे बाबा. साखर बघा. दोनशेच्या वर! डॉक्टर आता गोळी वाढवतात बघा. नाहीतर इंजेक्शनच लावतील."

आज हा आकडा बघून डॉक्टर गोळी वाढवणार, म्हातारा डोंगरातल्या घरी जाऊन ती इमानेइतबारे घेणार, आणि उपाशी पोटी शेतात गेला की साखर उतरून बांधावरच आडवा होणार. ते बघायला तिथे कोणी निकिता नव्हती, की कोणी सर नव्हते.

कोणाला काहीच माहीत नव्हतं, हीच मोठी अडचण होती. माहीत असतं तर निदान पर्याय नसता. आता एकीकडे सरांची सही, दिवाळी, परीक्षा. एकीकडे तीन खाऱ्या. तिने एकदा भिंतीवरच्या गणपतीकडे पाहिलं. गणपतीने काही मत दिलं नाही. ती आत गेली.

"सर, हरसूलच्या बाबांचा रिपोर्ट खोटा आहे. चहा-खारी खाऊन आलेले."

सरांनी मान वर केली. "विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं."

"ते खोटं बोलले?"

इथे एक सोपी पायवाट होती. पेशंट तर रोजच खोटं बोलतात, त्यात एक वाढला असता. प्रतिभाने ती वाट नीट बघून घेतली आणि सोडून दिली.

"नाही सर. खरं बोलले. मोडक्या खारीसकट."

"मग घेतलं कशाला?"

"भवानी होती, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग रिपोर्टवर आडवी रेघ मारली.

"पेशंटला तुम्ही सांगायचं. उद्या उपाशी पोटी यायचं. डॉक्टरांना मी सांगतो." आणि ती दाराशी पोचल्यावर म्हणाले, "प्रतिभाताई. सहीचं उद्यानंतर बघू. तुम्हाला सुई येते. परत पाठवायला येतं का, ते मला माहीत नाही."

कोंडाजीबाबा डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर पाय वर घेऊन बसले होते. प्रतिभा त्यांच्यापुढे खाली फरशीवरच बसली, पाटीपुढे बसायची तशी.

"बाबा, माझं चुकलं. चहा घेतला होता ना तुम्ही, तुमचं रक्त घ्यायलाच नको होतं. उद्या परत द्यावं लागेल."

"उद्या?" बाबांनी टोपी काढली. "एसटी मला फुकट हाय, पंच्याहत्तरी झाली. पन पाय फुकट हायेत का माजे? अन् मग सकाळीच का नाय सांगितलं?"

"तुम्ही पहिले होतात. भवानीला परत कसं लावायचं? मी भाजी विकायचे, बाबा."

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग हसायला लागले, दोनच दात होते ते दिसले. "अगं येडे! मी बी हरसूलच्या बाजारात सुपं इकतो. भवानीला मागं लावू नये, खरं हाय. पन म्हनून फाटकं सूप घालतो व्हय त्याच्या हातात? दुसऱ्या बाजारी त्येच सूप माज्या डोक्यात घालील तो!"

हे नवसाबाईने शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलं असेल, हिने अर्धंच ऐकलं असेल.

"नाशकात कोणी आहे का तुमचं, रात्रीपुरतं?"

"हाय की. एसटी स्टँड."

"उठा. माझ्या घरी चला."

रिक्षात तिला धाकधूक. घरात सकाळचा खटका अजून गरम असणार, त्यात हा पाहुणा. अंगणात शिरले तर नवसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि पत्र्यावर पितरांचं पान तसंच्या तसं. "सांगितलं नव्हतं? दुपारपासून बोलावतेय. एक मेला कावळा फिरकला नाही."

तेवढ्यात प्रतिभाच्या मागून कोंडाजीबाबा पुढे झाले. टोपी सारखी केली, हात जोडले. "राम राम, माय."

नवसाबाई बघतच राहिल्या. सर्वपित्रीला, दिवस कलायच्या वेळी, दारात उपाशी म्हातारा. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. "प्रतिभा, बघत काय उभी राहिलीस? पाय धुवायला पाणी आण. कावळ्याचं मेलं जाऊ दे."

पान वाढलं. वडे आले, कढी आली, गवार-भोपळ्याची भाजी आली, खिरीची वाटी आली. प्रतिभा म्हणाली, "आई, खीर नको. साखर आहे त्यांना."

"पितराला खीर नाही द्यायची?"

"बरं, थोडी."

"थोडी म्हंजे वाटी का चमचा?" बाबांनी विचारलं. त्यांना आपण पितर झालो आहोत हे कोणी सांगितलं नव्हतं, पण बढती मिळाल्याचं त्यांच्या ध्यानात आलं होतं. शेवटी दोन चमच्यांवर तोडगा निघाला.

जेवणं झाल्यावर प्रतिभाने जाहीर केलं. उद्या बाबांचं रक्त देऊन होईपर्यंत घरात चहा होणार नाही. वास आला की म्हातारा फिरलाच समजा. नवसाबाईंना सगळी हकीकत सांगितली, सहीसुद्धा. वाटलं, म्हणतील, बरं झालं, आता पाटी उचल. पण त्या एवढंच म्हणाल्या, "भवानीला परत लावू नये, हे मीच सांगितलं ना तुला? मग राखण मी करते." आणि स्वयंपाकघराच्या दारात आडवं अंथरूण टाकून झोपल्या. रात्री कोणी त्यांच्यावरून उडी मारून चहा करील, अशी त्यांची समजूत असावी.

दुसरा दिवस घटस्थापनेचा. भारत झेंडूच्या पाट्या घेऊन पहाटेच जागेवर गेला, बिनचहाचा, कुरकुरत. कोंडाजीबाबा त्याच्याही आधी उठून बसलेले. प्रतिभा अंघोळीला गेली तरी बाहेरचं बोलणं तिला ऐकू येत होतं.

"माय, चा?"

"नाही."

"आर्दा?"

"नाही म्हणजे नाही. देवाचं नाव घ्या, पोट भरतं."

"रातभर तेच केलं. नाय भरलं."

निघायच्या वेळी नवसाबाई नवी चप्पल घालून तयार. "मुहूर्त दुपारपर्यंत आहे, घट आल्यावर बसवते. ह्यांना दवाखान्यात पोचवते आधी. वाटेत टपऱ्या किती आहेत, माहीत आहे ना?" खरंच होतं. रिक्षातून जाताना प्रत्येक टपरीला बाबांची मान वळायची आणि नवसाबाई पदराने त्यांच्या तोंडापुढे वारा घालायच्या.

लॅबमध्ये शिरताच बाबा लघवीला गेले. सर दारात हाताची घडी घालून उभे होते. खुर्ची रिकामी. नवसाबाईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि जाऊन त्या खुर्चीत बसल्या.

"आलेच आहे तर माझीही साखर बघ. डेंग्यूनंतर कोणी विचारलंच नाही मला. आणि तू टोचतेस कशी, ते तरी कळू दे." हातावरच्या बांगड्या त्यांनी स्वतःच वर सारल्या.

निकिताने नाव टाकलं. दिवसाचं पहिलं. प्रतिभाने पट्टा बांधला. सुनेचं काम बघायला सासू पहिल्यांदा आली होती, आणि स्वतःहून हात पुढे केला होता. तो हात पाठीमागे लपवायची ह्यांची रीत! प्रतिभाला भरून आलं. शीर पण कशी टपोरी वर आली होती. तिने कापूस उचलला, आणि सरांकडे न बघता विचारलं,

"आई, काही खाल्लं नाही ना?"

"मी? आजपासून नऊ दिवस उपवास माझा."

"चहा?"

नवसाबाई भिंतीवरचं आतड्यांचं चित्र बघू लागल्या.

"आई."

"दूध तर तापवावंच लागतं ना? नासलं असतं."

"आई, चहा घेतला?"

"उपवासाला चहा चालतो! आणि मी काय राखणीला होते, मला थोडीच बंदी होती? तुम्ही उठायच्या आधी घेतला. एवढासा. आल्याचा."

"आल्याचा?" लघवीहून परत आलेले कोंडाजीबाबा दारातच थबकले होते. त्यांचा आवाज असा आला, की निकिताने ह्या वेळी पेन खरंच खाली टाकलं. "माय, आल्याचा?"

प्रतिभाच्या एका हातात पट्ट्याचं टोक. समोर दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक, घटस्थापनेचं, आणि वर घरची सासू. हिला चारचौघांत उठवायचं म्हणजे संध्याकाळी घरी काय वाढून ठेवलेलं असेल ते जगदंबेलाच ठाऊक. डोळे मिटून तिने त्याच जगदंबेला सांगितलं, तुझा दिवस आहे, सांभाळून घे. आणि पट्टा सोडला.

"आई, उद्या या. उपाशी पोटी."

"मला सांगतेस?"

"हो."

"भवानीला? आजच्या दिवशी? सासूला?"

"हो आई. चहा प्यायलेलं रक्त मी घेत नाही."

नवसाबाई उठल्या. बांगड्या खाली आल्या. सरांच्या अंगावरून, त्यांच्याकडे न बघता, ताडताड बाहेर गेल्या. प्रतिभाचे कान गरम झाले होते. तिने हात धुतले, नवे हातमोजे घातले आणि म्हणाली, "या बाबा."

बाबांचं रक्त निघालं. आकडा आला तो कालच्यापेक्षा बराच खाली. डॉक्टरांनी आहे तीच गोळी चालू ठेवली आणि वर खारी बंद केली. बाबा म्हणाले, "मोडकी बी?" डॉक्टर म्हणाले, "मोडकीसुद्धा."

सर आपल्या टेबलाशी गेले. "प्रतिभाताई, तो कागद आणा." तिने आणला. त्यांनी वाचला, पेनचं टोपण काढलं आणि सही केली. मान वर न करता म्हणाले, "पेशंट घरी न्यायची इथे पद्धत नाही."

"हो सर."

"परत होऊ नये."

"नाही सर."

कागद तिच्याकडे सरकवत ते थोडे घुटमळले. "खीर होती म्हणे. बाबा सांगत होते."

"उरलीय सर थोडी. उद्या आणते."

"तसं नाही," सर म्हणाले, आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. पण नाही असं काही ते म्हणाले नाहीत.

कागद हातात घेऊन प्रतिभा बाहेर बघायला आली. सासू रागाने घरी गेली असणार, रिक्षात तरी नीट बसली का, एवढंच बघायचं होतं. नवसाबाई कुठेही गेल्या नव्हत्या. बाहेरच्या बाकावर, रांगेच्या अगदी तोंडाशी, मांडी ठोकून बसल्या होत्या, जागेवर बसतात तशाच, आणि रांगेतल्या लोकांना दम देत होत्या.

"कोणी चहा घेतलाय का? आत्ताच सांगा. आत माझी सून आहे. तिने मला सोडलं नाही, तुम्हाला काय सोडते!"

रांगेत चुळबुळ झाली. एक गृहस्थ घड्याळ बघत हळूच उठले आणि फाटकाकडे निघाले. मागची एक बाई पिशवी छातीशी धरून पुढे वाकली.

"मावशी, नुसतं केळं असेल तर?"

"केळं?" नवसाबाई म्हणाल्या. "उठा."